चार हजार पावलं

तिसरा ईसीजीसुद्धा नॉर्मल आला, तेव्हा डॉक्टरही बुचकळ्यात पडले. लेकीने पाठवलेलं स्मार्टवॉच मात्र आठवडाभर सांगत होतं, की ठोक्यांचा काही ताळमेळ नाही.

तपासणीच्या टेबलावर उठून बसलेल्या दिगंबररावांचं तर डोकंच चालेना. खरं कोण, हे मशीन की ते घड्याळ? बायको मुकाट्याने त्यांच्या शर्टाची बटणं लावू लागली.

"काका," घड्याळाला जोडलेल्या मोबाइलवरच्या नोंदी बघत डॉक्टर म्हणाले, "हे सगळे इशारे सकाळी साडेसहाचेच आहेत. तेव्हा काय करत असता?"

"साडेसहाला? मी आठशिवाय उठत नाही हो."

डॉक्टरांनी पुन्हा मोबाइल पाहिला. "पण यात तर रोज चार हजार पावलं दिसतायत."

बायकोची बोटं बटणावर अडली.

"यांची पावलं भरली नाहीत की लेक फोनवर रागावते," ती ओशाळून म्हणाली. "म्हणून घड्याळ घालून मीच फिरून येते. हल्ली दम लागतो, मग बसते जरा बाकावर. यांना काही झालेलं नाही ना, डॉक्टर?"

बटण लावणारा तिचा हात डॉक्टरांनी अलगद धरला आणि मनगटावर नाडी शोधली.