टेकडीची उंची

नवऱ्याने सासूबाईंना पिशवीसकट वजनकाट्यावर उभं केलं. घरचं विमान, पण खुर्च्या चारच. त्यात माणसंही सामानासारखी तोलून न्यावी लागतात.

"म्हातारीचं वजन गावभर करू नकोस रे," सासूबाई म्हणाल्या.

"किती आलं गं?" त्याने बायकोला विचारलं.

काटा त्याच्याच पायाशी होता. आकडे चांगले बोटभर उंच, लाल. तिने वाकून वजन सांगितलं आणि वाकल्या वाकल्याच तिच्या मनात पुन्हा पाल चुकचुकली.

हल्ली हे रोजचंच झालं होतं. औषधाच्या बाटलीवरची तारीख तिने वाचायची, पासपोर्टांची मुदत तिनेच वाचायची. वर म्हणायचा, "तुलाही सवय हवी." काळजीने बोलतोय असंच वाटावं. परवा चहा मात्र कपाच्या बाहेर ओतला होता त्याने, आणि खापर किटलीवर फोडलं होतं.

सकाळी समुद्र ओलांडून परक्या देशाच्या बेटावर उतरायचं होतं. जेवणाच्या टेबलावर त्याने नकाशा पसरला. चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. आणि नकाशा तिच्याकडे सरकवला.

"बेटावर एक टेकडी आहे बघ. तिची उंची वाच. एकाने वाचायचं, दुसऱ्याने तेच परत म्हणायचं. आम्हा वैमानिकांची रीतच आहे ती."

नकाशावर चोवीसशे फूट छापलं होतं. ठळक. तिने त्याच्याकडे पाहिलं. तो नकाशावर इतका वाकला होता, की नाक टेकायचंच बाकी होतं.

"चौदाशे," ती म्हणाली.

"चौदाशे," तो खणखणीत आवाजात म्हणाला. "मग काय, दोन हजारांवरून जाऊ. आरामात."

तिने खुर्चीची पाठ धरली. सासूबाई पिशवीतला जादाचा स्वेटर काढायचा की ठेवायचा, या विचारात होत्या.

"मी नाही येत," ती म्हणाली. "तुम्ही मायलेक जाऊन या."

"असं कसं?" तो चटकन म्हणाला. "मग वाचणार कोण?"

सासूबाईंचा हात पिशवीतच राहिला.

"चोवीसशे आहे हो ती टेकडी," ती हळू आवाजात म्हणाली.

तो हसला. चष्मा काढून पुन्हा पुसला.

"दमलोय जरा, दुसरं काय. तुम्ही बायका उगाच धसका घेता. अगं, हा नकाशा तोंडपाठ आहे मला. हे बघ, इथे उतरायचं आपण." त्याने बोट टेकवलं, चांगलं दाबून.

दोघी दोन बाजूंनी वाकल्या. बोटाखाली निळं होतं. बोटाच्या चहूकडेही निळंच होतं.