बाजूचं फाटक

"आजीची शाल नीट करा. नवी दिसतेय," बायको म्हणाली.

नवऱ्याने व्हीलचेअर थांबवली, शाल थोडी चुरगळली आणि पुन्हा ढकलायला लागला. कडेलोट चार वाजता बंद होणार होता आणि साडेतीन वाजून गेले होते.

कडेलोट हा त्या अवाढव्य थीम पार्कमधला सगळ्यात उंच पाळणा. माणसांना हळूहळू वर न्यायचा आणि एकदम खाली सोडून द्यायचा. गेल्या वर्षी हे कुटुंब त्याच्यासाठीच आलं होतं. साडेतीन तास रांगेत उभं राहिलं आणि पुढे वीस डोकी उरली असताना फाटक बंद झालं. नऊ वर्षांची ठमी हॉटेलच्या खोलीपर्यंत रडत गेली. त्यातून तिने शाळेत आधीच सांगून ठेवलं होतं, की मी बसणार म्हणजे बसणार. मग वर्षभर वर्गातल्या पोरींनी तिला 'फेकाडी' म्हणून हैराण केलं. पडताना तिथला कॅमेरा फोटो काढतो. तो फोटो घेतल्याशिवाय यंदा ठमी घरी जाणार नव्हती.

गेल्या वर्षी आजी बरोबर नव्हती. यंदा होती. खुर्चीतल्या माणसाला बाजूच्या फाटकातून थेट आत सोडतात आणि त्याच्यामागून त्याच्या घरच्यांनाही.

"डावीकडून घे," आजी म्हणाली. "उजवीकडे चढ आहे. धाप लागेल तुला. पोट बघ केवढं सुटलंय."

"हो, आई."

"आई म्हणताना घशात काटा अडकल्यासारखं तोंड कशाला करतोस?"

नवऱ्याने खुर्ची डावीकडे वळवली. बायकोने ओठ आवळून हसू दाबलं.

आजीला त्या जागेचा कोपरा न् कोपरा पाठ होता. इथे नुसते लाकडी घोडे गोल फिरायचे, तेव्हापासून तिने ही जागा पाहिली होती. तेव्हा माणसं घोड्यावर बसायच्या आधीच हसायला लागायची. एक जाडजूड पोस्टमन रोज संध्याकाळी टोपी सांभाळत एक फेरी मारायचा, उतरायचा आणि काही न बोलता घरी जायचा. त्याचा कुणी फोटो काढला नाही, आणि त्यालाही कधी तो हवासा वाटला नाही.

"बघ कशी उभी आहेत," आजी रांगेकडे बघून म्हणाली. "मजा करायला आलीयत की दात उपटून घ्यायला?"

रांगेतल्या एका बाईने वळून पाहिलं. आजीनेही तिच्याकडे रोखून पाहिलं. बाईने मान फिरवली.

"आजी, तुम्हाला पाणी हवंय?" ठमीने विचारलं.

आईने तिला चिमटा काढला. "आजीला कुणी 'तुम्ही' म्हणतं का? लोकांना वाटेल, यांच्या घरात मायाच नाही."

"आजी, तुला पाणी हवंय?"

"नको. मग बाथरूम शोधावं लागेल, आणि तुझ्या आईच्या कपाळावरची आठी माझ्याने बघवत नाही."

बाजूच्या फाटकावर डोक्याला सशाचे कापडी कान लावलेला माणूस उभा होता. त्याने चौघांवरून नजर फिरवली.

"सगळे एकाच घरचे ना? नाहीतर एका खुर्चीमागे अख्खी वरात लागते."

"म्हणजे काय?" नवरा उसळला. "आई आहे ती माझी! सख्खी!"

"आवाज नका चढवू, साहेब. सख्खी असली की ओरडावं लागत नाही." फाटकवाला ठमीसमोर उकिडवा बसला. "तू सांग ग, बाळ. आजीची एखादी गोष्ट, जी फक्त तुलाच माहितीय."

ठमी बुटांकडे बघत राहिली. आईचं हसू ओठांवरच थिजलं. खांबावरच्या घड्याळात पावणेचार झाले होते.

"ठमे, बोल ना," बाप दातांमधून म्हणाला.

"आजीच्या पायांना काही कळत नाही," ठमी म्हणाली. "मी रोज झोपताना गुदगुल्या करते, तरी नाही. पण मला बरं वाटावं म्हणून ती खोटं खोटं हसते."

फाटकवाला उठला. त्याने कडी काढली. आजीने मागे वळून ठमीकडे पाहिलं, दिवसभरात पहिल्यांदाच.

चार वाजायच्या आत तिघं वर गेली आणि धाडकन खाली आली. आजी ओट्यावर खुर्चीत बसून होती. फोटो लगेच मिळाला. त्यात ठमीचे डोळे घट्ट मिटलेले होते आणि तोंड आ वासलेलं होतं. आईबाप मात्र कॅमेऱ्याकडे बघत होते. कडेलोट होत असतानाही आईने केस सावरले होते.

"शोभता एकमेकांना," आजी फोटो परत देत म्हणाली.

पार्कच्या मोठ्या दारातून बाहेर पडल्यावर वळणाशी, दिव्याच्या खांबापाशी, आजीने हात वर केला. नवऱ्याने खुर्ची थांबवली. आजी ताडकन उठली, खुर्ची मिटून काखेत मारली आणि म्हणाली, "उद्या साडेआठला, इथेच. उशीर केलात तर मी दुसऱ्या कुणाची तरी आजी होईन."

ती तरातरा निघून गेली. ठमीने बापाच्या खिशातून फोन काढला आणि घरी लावला.

"आजी, मी बसले! फोटो पण आहे!"

पलीकडे कुणीतरी बराच वेळ हसत होतं. मग ठमी ऐकत राहिली आणि तिने आईकडे पाहिलं. "आजी विचारतेय, पुढच्या वेळी मलाही न्याल का?"

आईने तिच्या हातातून फोन घेतला.

"छे हो, आई," ती लाघवीपणे म्हणाली, "तुम्ही आला नाहीत तेच बरं. व्हीलचेअरवरच्या माणसाचे इथे फार हाल होतात."