तीन वाजताची तालीम

“अगं, माफी मागतेयस की हजेरी देतेयस? जरा जीव ओत की!” लंबू मागच्या बाकावरून ओरडला आणि अख्खा वर्ग फिदीफिदी हसला.

भोंगा फळ्यासमोर उभी होती. आवाज दणदणीत, म्हणून नाव भोंगा. पण आज हा भोंगा पार बसला होता. हातातला कागद घामाने मऊ पडला होता. समोर टेबलावर बाईंचा जुना फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून, रबरबँड लावून उभा केलेला.

दर मंगळवारी चार वाजता याच फोनातून समुद्रापलीकडच्या शाळेतला एक वर्ग त्यांना भेटायचा. दोन्हीकडचं इंटरनेट मरतुकडं. म्हणून नियमच होता: बोलणाऱ्यांचं चित्र चालू, ऐकणाऱ्यांचं चित्रही बंद आणि आवाजही बंद. ऐकणारे म्हणजे नुसता काळा चौकोन आणि त्यावर एकच शब्द, ‘पाहुणा’.

मागच्या महिन्यात तिकडची चष्मेवाली बोलायला उभी राहिली होती. भोंगाची ती खास मैत्रीण; भेट संपली की दोघीच फोनवर थोडा वेळ बोलायच्या. बोलताना अडखळायची, म्हणून कधी पुढे यायची नाही. भोंगानेच तिला चार आठवडे “बोल गं, बोल गं” करून तयार केलं होतं. ती उभी राहिली, ‘हॅलो’वरच अडकली, आणि भोंगाला हसू फुटलं. साधंसुधं नाही, भोंग्यासारखं. आणि नेमका त्या दिवशी इकडचा आवाज बंद करायचा राहून गेला होता.

चष्मेवाली खाली बसली. तिच्या बाईंचं पत्र आलं: ‘ती आता आमच्याही वर्गात तोंड उघडत नाही. एकदा तिच्याशी नीट बोला. त्यानंतर ठरवू, पुढे भेटायचं की नाही.’

तेव्हापासून भोंगाच्या घशाखाली घास उतरत नव्हता. आई म्हणाली, “परीक्षेचं टेन्शन घेतलंस का?” भोंगाने मान डोलावली. खरं सांगायला जीभ रेटेना.

“चित्रकलेचे सर तीन वाजता शिक्षकखोलीतून पाहुणा म्हणून येतील,” बाईंनी सकाळी सांगितलं होतं. “त्यांच्यासमोर तालीम करून घे. मी चारला येतेच.”

बरोबर तीनला काळा चौकोन उमटला होता. पाहुणा हजर.

“पुन्हा घे,” पहिल्या बाकावरची मॉनिटर म्हणाली. “सर ऐकतायत.”

भोंगाने इंग्रजीत सुरुवात केली. “मैत्रिणी, मला माफ कर. मी तुला हसले नव्हते. मागून कुणीतरी विनोद केला, त्याला हसले. तू माझी चेष्टा समजलीस, याचं मला फार वाईट वाटतं.”

“घ्या! म्हणजे विनोद मी केला का?” लंबू म्हणाला. “बिल माझ्या नावावर!”

“गप रे. असं म्हटलं की तिला कमी लागेल.”

“हो का? बरी काळजी आहे गं तुला!”

भोंगाचे कान तापले. थाप होती ती, तिलाही ठाऊक होतं. पण खरं कुठल्या तोंडाने बोलायचं?

“पण ती बोलते तरी कशी?” मागच्याच आठवड्यात वर्गात आलेल्या नव्या मुलीने विचारलं. “मी ऐकलंच नाही कधी.”

“नको,” भोंगा म्हणाली.

“कर ना गं! तुला हुबेहूब येतं,” लंबूने टेबल बडवलं. “भोंगा! भोंगा!”

सगळेच बडवायला लागले. गेला महिनाभर तिच्याकडे कुणी धड पाहिलंही नव्हतं, आणि आता तीस डोकी तिच्याकडे बघत होती. तिने बोटांचा चष्मा केला. मान झटकली. डोळे मिचकावले.

“हॅ... हॅ... हॅ... हॅलो!”

वर्ग कोसळला. नवी मुलगी तर बाकावर आडवीच झाली. मग भोंगा थांबेचना. तिने चष्मेवालीने तिला सांगितलेली कुत्र्याची गोष्ट तशीच अडखळत करून दाखवली, “थँ-थँ-थँक्यू” केलं, शेवटी धपकन खाली बसून दाखवलं. दोन मिनिटं ती पुन्हा जुनी भोंगा झाली होती.

हशा ओसरला. शी! काय केलं मी हे? ती लगबगीने फोनजवळ गेली, दोन्ही कान पकडले आणि मराठीत पुटपुटली, “सर, बाईंना सांगू नका हं. प्लीज. आता खरं खरं बोलते.”

चौकोन काळाच.

तिने कागद फाडला. डोळे पुसले आणि कागदाशिवाय, तुटक इंग्रजीत बोलली, “मी तुलाच हसले. विनोद वगैरे काही नव्हता. मी वाईट वागले.” या वेळी वर्गात कुणी हसलं नाही. लंबूसुद्धा नाही. हेच बोलायचं चार वाजता, तिने ठरवलं. अगदी असंच. छातीवरचा धोंडा जरा हलल्यासारखा वाटला.

साडेतीनला बाई धापा टाकत आत आल्या.

“अगं, घोळ झाला! त्यांचं पत्र आत्ता वाचलं मी. त्यांच्याकडे उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे करतात म्हणे, रविवारीच केली. आपले चार म्हणजे त्यांची शाळा सुटलेली. ते तीनलाच यायचे होते! कुणी आलं होतं का?”

“नाही बाई,” मॉनिटर म्हणाली. “चित्रकलेचे सर आहेत ना फोनवर.”

“सर? सर तर ताप आला म्हणून जेवणाच्या सुट्टीतच घरी गेले.”

भोंगाने फोनकडे पाहिलं. काळा चौकोन उजळला. तिकडचा सगळा वर्ग हाताची घडी घालून बसला होता, आणि अगदी पुढे, एकटीच उभी राहून, चष्मेवाली एक मोठा रंगीत कागद घडी घालून बारीक करत होती. शेवटच्या घडीआधी त्यावरची वळणदार अक्षरं भोंगाला वाचता आली: ‘मी केव्हाच विसरले.’