नगरसेवक झारेंबा यांचे मत

सुज्ञ वाचकहो, ओहायोतील आमच्या पोलिश वस्तीचे वीस वर्षे प्रतिनिधित्व करणाऱ्या नगरसेवकांच्या कारकिर्दीतील, १९५६ सालचा एकच प्रसंग मी आता मोजून शंभर शब्दांत सविनय निवेदन करीत आहे.

द्रुतगती मार्गासाठी आमची गल्ली पाडण्याचा ठराव मतास आला, तेव्हा नगरसेवक लुडविक झारेंबा हातातील टोपी अस्वस्थपणे फिरवीत होते. आजवर पक्षनेत्याच्या सिगारचा इशारा पाहून मत देणाऱ्या या गृहस्थाने प्रथमच विरोधाचा निश्चय केला होता. प्रेक्षकसज्जात सारी गल्ली श्वास रोखून बसली होती. एवढ्यात पक्षनेता मागून त्यांच्या कानाशी लागला. “घामाघूम झालायस की रे. खुशाल नाही म्हण. मतं आपल्याकडे भरपूर आहेत, आणि तुला पुन्हा निवडून यायचंय.” शेवटी त्यांचे नाव पुकारले गेले. “नाही,” झारेंबा म्हणाले. टाळ्यांच्या कडकडाटात ठराव संमत झाल्याचे कोणालाच ऐकू आले नाही. जिन्यावर बेकरीवाल्या हेलेनाबाईंनी त्यांचे गाल कुरवाळले. “वाघ निघालास रे पोरा.” “मावशी, सामान बांधायला घ्या.” “अरे, पण तू तर नाही म्हणालास.” “तेवढी परवानगी होती.”

येथे मी लेखणी खाली ठेवतो. ज्यांनी आपला मोलाचा वेळ देऊन हे शंभर शब्द वाचले, त्या सर्व वाचकांचा मी अंतःकरणपूर्वक ऋणी आहे. आपला नम्र, ब्रोनिस्लाव पिओन्तेक, त्या गल्लीचा माजी रहिवासी.