धुतलेले डबे

माझी बायको आसावरी गेल्यावर तिचं डोंबिवलीतलं डब्यांचं काम मी बंद पडू दिलं नाही. स्वयंपाक आता मीच करतो. महिना झाल्यावर मुलगी संचिता काम कसं चाललंय ते तपासायला बसली. शीळफाट्याच्या एका गोदामात माल वेळेवर पोचतो का, हेच मोजायची तिची नोकरी.

"बाबा, सगळे डबे वेळेवर. तक्रार एकही नाही."

"मग झालो ना पास?"

"एकही नाही म्हटलं की आमचे साहेब आधी संशय घेतात. आई कसं मोजायची?"

"परत आलेल्या डब्यात काय उरलंय ते बघून. सगळ्यांना बजावायची, डबा धुऊन पाठवू नका."

आम्ही दोघांनी ओट्याकडे पाहिलं. परत आलेला प्रत्येक डबा घासून लख्ख केलेला होता. बायको गेलेल्या माणसाला कोण काय बोलणार?

मी त्याच संध्याकाळी घरोघरी फोन केले. "उद्यापासून डबा धुवायचा नाही. उरलं तर तसंच पाठवा."

दुसऱ्या दिवशी सुमतीबाईंचा डबा आला. आमटी जशीच्या तशी. मागोमाग त्यांचा फोन. "भाऊ, रागावू नका, पण किती मीठ घालता हो! महिनाभर कुंडीत ओततेय, मोगरा जळला माझा."

संचिताचे डोळे भरून आले. मी आमटी चाखली. खारटच होती.

"रडतेस काय अगं? तूरडाळ काढ. पहिली तक्रार आली."