खांब ते सिंहासन

“सिंहासन इकडे घ्या, खांबाकडे. त्याच्या बाजूले माही खुर्ची येईन,” भगवंतराव म्हणाले.

खांब ते सिंहासन आठ पावलं, हा हिशेब शालिकरामाने महिनाभर मनात घोळवून पक्का केला होता. नरसिंहाच्या कमरेचा शेला सहा पावलांचा. कागदी खांब फोडून नरसिंह बाहेर पडला, की मागून दोन गडी तो शेला धरून ठेवणार. नरसिंह कितीही झेपावला तरी सिंहासनावरच्या हिरण्यकशिपूपासून दोन पावलं लांबच राहणार. आरती झाली, अंगातलं वारं उतरलं, की मग हिरण्यकशिपूने आपल्या पायांनी जाऊन त्याच्या मांडीवर मरून पडायचं. खेळ बसवणारा शालिकराम होता आणि हिरण्यकशिपूही तोच.

“मालक, चार पावलांवर आलो तं मी त्याच्या हातात सापडतो.”

“राक्षसच नं तू? मंग सापडाले नाई पायजे काय?” भगवंतरावांबरोबरची माणसं खो खो हसली. “गाठी माह्या, फळ्या माह्या, तेल माहं. मी काय मातीत बसून पाहू?”

ते काही खोटं नव्हतं. देवळापुढचा मंच त्यांच्याच कापसाच्या गाठींवर फळ्या टाकून उभा केला होता. तीन वर्षांपूर्वी हेच भगवंतराव नांदगावच्या बाजारात सरकी विकत बसायचे. मग तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, इकडे वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला, आणि त्यांच्या घरी मुंबईहून खुर्ची आली. खुर्ची आली म्हणजे ती चारचौघांना दिसायलाच हवी. सिंहासन सरकलं.

त्या भावाने सगळ्यांचीच डोकी फिरवली होती. ज्या बांधावर बसून शालिकराम आणि शेतशेजारी नत्थुजी एका फडक्यातली भाकर खायचे, त्याच बांधाच्या हातभर मातीसाठी दोघं अमरावतीच्या कचेरीपर्यंत गेले. निकाल शालिकरामाच्या बाजूने लागला. त्यानंतर महिन्याभरात गेल्या सालची नरसिंह जयंती आली. नत्थुजी नेहमीप्रमाणे नरसिंह झाला, खांबातून निघाला, गड्यांच्या हातून शेला सुटला, आणि त्याने लोखंडी नखांनी शालिकरामाच्या पोटावर चार उभ्या जखमा केल्या.

नत्थुजीला कोणी बोल लावला नाही. अंगात आलं की तो कुणालाच ओळखत नसे. एकदा सख्ख्या आईला तुडवून गेला होता, आणि म्हातारी पडल्या जागेवरून त्याला हात जोडत होती. तेव्हा पोट फाडलं ते देवाने, यात कुणाला शंका नव्हती. आणि देव उगाच कशाला फाडेल? कचेरीने दिलेला निकाल गावाने असा फिरवून टाकला.

जखमा चिघळल्या. शालिकराम दोन महिने खाटेवर होता. पडल्या पडल्या त्यालाही वाटू लागलं, की आपणच कुठेतरी खोटं बोललो असू. हिंडूफिरू लागल्यावर त्याने पहिलं काम हे केलं, की बांधाचे धोंडे उपटले आणि नत्थुजी म्हणत होता तिथे नेऊन रोवले. तरी त्याच्या ओट्यावर कुणी बसायला येईना. यंदा सोंग सोडलं असतं, तर पापी भ्याला म्हणून लोकांनी पोराबाळांना सांगितलं असतं. म्हणून तो आठ पावलांचा हिशेब. तोही आता गेला.

सूर्य टेकला. शालिकरामाने सिंहासनावरून उठून खांबावर गदा हाणली आणि तो परत जागेवर जाऊन बसला. कामट्या मोडल्या, कागद टराटरा फाटला. तीन दिवसांचा उपाशी नत्थुजी सिंहाचा मुखवटा घालून बाहेर आला तो अंग घुसळतच. त्याच्या डरकाळीने बाया मागे सरल्या. सगळं गाव हात जोडून उभं राहिलं.

एक पाऊल. दुसरं पाऊल. मागचे गडी नुसतेच शेल्याबरोबर ओढले जात होते.

मधल्या अरुंद वाटेत भगवंतरावांनी आपले नव्या जोड्यातले पाय ऐसपैस पसरले होते. आता ही खुर्ची उलटणार, असं शालिकरामाला दिसलं आणि त्या भीतीतही त्याला बरं वाटलं.

नरसिंह थांबला. एका हाताने त्याने शेला अंगाशी आवरून धरला. मुखवट्याच्या आतून हलकेच आवाज आला.

“जरासे पाय घ्या, मालक.”

भगवंतरावांनी पाय घेतले. देव अंग चोरून खुर्चीजवळून पुढे आला आणि मग पुन्हा डरकाळ्या फोडू लागला.

शालिकरामाला त्या डरकाळ्या ऐकूच आल्या नाहीत. वर्षभर रोज आंघोळीच्या वेळी पोटावरच्या वणांना हात लावून त्याने देवाची क्षमा मागितली होती. आईला तुडवून जाणारा देव मालकाच्या जोड्यांपुढे वाट मागत होता. म्हणजे गेल्या सालीही मुखवट्यात नत्थूच होता, पुरता शुद्धीवर. शालिकरामाला इतका संताप आला, की भीती कुठल्या कुठे गेली. नखं अंगावर आली तशी त्याने दोन्ही मनगटं पकडली.

“नत्थू,” तो सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाला, “मालकाले ओयखलं, तं मलेही ओयखत असशीन. सांग, बांध कोनाचा?”

पुजारी आरती घेऊन खोळंबला. सूर्य बुडाला, संधिकाळही सरला, तरी हिरण्यकशिपू मरायला तयार नव्हता.