कापसाचं घरटं

"चौदा नंबरच्या औषधानं एकाही उंदराला फिट येऊ दिली नाही," ऋजुतानं वहीत लिहिलं. मेंदूला भडकवणारं ग्लुटामेट हे रसायन पेशींवर जिथं चिकटतं, ती जागाच हे औषध अडवत होतं. तीन वर्षांच्या खटपटीला यश आलं होतं.

"मॅडम, या चौदा नंबरवाल्यांचा कापूस बघा," पिंजरे साफ करणारे गेनूमामा म्हणाले. "औषध न दिलेले उंदीर सकाळपर्यंत पिंजून घरटं करतात. हे त्याला शिवलेसुद्धा नाहीत."

ऋजुता वाकली. उंदीर जागे होते, पण नुसते बसून होते. तिचा भाऊ असाच बसायचा. गोळ्यांनी त्याच्या फिट्स थांबल्या, पण पेटी वाजवणंही थांबलं. "वाजवावंसंच वाटत नाही गं ताई," म्हणायचा.

"मामा, औषध दिलेल्यांपैकी कापूस कुणी पिंजला?"

"सतरा नंबरवाल्यांनी. प्रत्येकानं आपापल्या पिंजऱ्यात."

सतरा नंबरचं औषध तिनं कालच बाद केलं होतं, कारण आठांतल्या एका उंदराला फिट आली होती. वहीतलं ते पान तिनं पुन्हा उघडलं.

"आणि ज्याला फिट आली, त्यानं?"

"त्यानंही. फिट ओसरली, तसा परत पिंजायला बसला."